क्रूझच्या कांडीची केस

माझं शुद्धलेखन चुकणार, हे आधीच कबूल करते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. अक्षरही असं की किराण्याची यादी पाठवली तर दुकानदार फोन करून विचारतो, बाई, हे साबुदाणा आहे की साबण. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जिथं चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं माफ करावं. वाचणारं कोणी असणार नाही, पण माफी मागून ठेवलेली बरी.

मी पोलीस नाही, पोलिसाची बायको आहे. हे खात्यात वाहनचालक शिपाई म्हणून लागले, जीप चालवता चालवता हवालदार झाले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. आता एका साप्ताहिकात आपल्या नोकरीतल्या केसेस लिहितात. पाठवण्याआधी मला वाचून दाखवतात. आधी खबर येते, मग चौकशी होते, मग आरोपी कबूल करतो आणि शेवटी त्या केसनं काय शिकवलं ते येतं. नाव कोणाचंच घेत नाहीत. मी एकदा म्हटलं, ती गाडीची केस लिहा की. चष्मा काढून म्हणाले, "ती केस नव्हती." आणि पंखा मोठा केला.

ते विसरले म्हणतात. मला मात्र सगळं आठवतं, आणि मला ती केसच वाटते. ते लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. नावं मीही घेणार नाही.

आमची गाडी लहान आहे, पांढरी, ऑटोमॅटिक. तिला क्लच नाही. खाली दोनच पायदान्या, ब्रेक आणि रेस. यवतमाळातल्या गर्दीत सोपी पडते म्हणून निवृत्तीच्या पैशातून घेतली. मुलगी अमरावतीला दिली आहे, नेरवरून रस्ता सरळ जातो. पण यांचा उजवा घोटा नोकरीतच दुखावलेला, एका पाठलागात जीप नालीत गेली होती तेव्हाचा. रेसवर पाय धरून ठेवला की थोड्या वेळात घोट्यात चमक निघते. नेर येईपर्यंत हे दात आवळून बसत. मुलगी म्हणायची, बाबा, ड्रायव्हर ठेवा. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना बसवून गाडी चालवली त्याला हे कसं लागतं, ते मला माहीत आहे. हे चिडत नसत. नुसते जेवताना भाजी परत मागत नसत.

मग यांनी मोबाइलवर पाहिलं की क्रूझ कंट्रोल नावाची वस्तू बाहेरून बसवता येते. मोठ्या गाड्यांना ती कंपनीतूनच असते. स्टिअरिंगजवळची कांडी दाबली की गाडी आहे तोच वेग धरून ठेवते, रेसवरचा पाय काढून घेतला तरी. ब्रेकला पाय लागला की लगेच सोडून देते. मला हे समजावून सांगितलं. मी विचारलं, पाय काढल्यावर गाडी कोण चालवतं? म्हणाले, "मीच." मी म्हटलं, पाय काढून? म्हणाले, "तुले नाही समजणार." ते खरं निघालं. आजही पूर्ण समजलेलं नाही.

बसवून देणारा मिस्त्री दारव्हा रोडवर भेटला. महागावकडच्या तांड्यावरचा बंजारा माणूस, तिशीतला, कमी बोलणारा. गाड्यांचं वायरिंग हेच त्याचं काम. दुकानामागच्या खोलीत त्याची आई राहायची, तिला तो याडी म्हणायचा. त्यांच्या तांड्यातलं शहरात दुकान टाकणारं हे पहिलंच घर, असं त्या बाईनं मला चहा देताना सांगितलं. मी लाजरी आहे, परक्या घरी चहा घेताना हात थरथरतो. तिनं ते पाहिलं आणि कपाऐवजी पेला दिला, धरायला सोपा. म्हणून ती मला आवडली.

काडेपेटीहून जराशी मोठी डब्बी होती. तिची एक वायर रेसच्या पायदानीला जोडली, एक ब्रेकच्या लाइटच्या वायरला, आणि स्टिअरिंगखाली कांडी बसवली. चालू झालं की कांडीवर हिरवा दिवा लागतो. मग गाडी चालवून पाहायची होती. हे मिस्त्रीला म्हणाले, "तू चालव, मी पाह्यतो," आणि साहेब लोक बसतात तसे डाव्या सीटवर जाऊन बसले. मी मागं. बायपासपर्यंत गेलो आणि आलो, हिरवा दिवा विझला नाही. यांनी तिथंच सगळे पैसे दिले आणि घरी येताना पेढे घेतले.

पहिल्यांदा अमरावतीला निघालो तेव्हा हे चालवत होते. शहर सुटल्यावर कांडी दाबली. हिरवा दिवा लागला. मी मनात देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात दिवा विझला. पुन्हा दाबली, लागला, पुन्हा विझला. कोणी डोळा मारावा तसं चाललं होतं. नेरपर्यंत यांच्या घोट्याला चमक ती निघालीच.

नेरच्या अलीकडं एका चहाच्या टपरीवर थांबलो. आमच्या मागून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक येत होता, तोही थांबला. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला आणि यांना म्हणाला, "काका, तुमचा ब्रेकचा लाइट रस्ताभर लागून होता. मले समजेना, तुम्ही थांबून राह्यले का चालून राह्यले."

हे उठून मागं गेले. लाइट विझलेला होता. ड्रायव्हर म्हणाला, मी खोटं कायले बोलू. यांनी त्याच्या चहाचे पैसे दिले. खबर देणाऱ्याला चहा पाजायचा, ही त्यांची नोकरीतली पद्धत.

गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "पाह्यलं? वायर चुकीची जोडली त्यानं. ब्रेक लागलेला नसताना लाइट लागते, म्हणून ते यंत्र सोडून देते." मला ते पटलं. मला पटायला वेळ लागत नाही.

मिस्त्रीनं गाडी उचलून पाहिली. सगळं उघडलं. लाइट बरोबर लागत होता, बरोबर विझत होता. स्वतः चालवून आणली, दिवा विझला नाही. तरी ब्रेकचा स्विच त्यानं स्वतःच्या खर्चानं नवीन टाकला. घरी येताना हे चालवत होते. चौकातून बाहेर पडलो आणि दिवा गेला.

तिसऱ्यांदा यांनी त्याला दुकानाच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. उभं राहून विचारलं की माणूस लवकर बोलतो, असं ते लिहितात.

"माल कुठून आणला?"

"नागपूरवरून, साहेब. हे बिल पाहा जी."

"मग चालत काहून नाही?"

"चालते ना जी. मी चालवतो तवा चालते."

"म्हणजे मी खोटं बोलून राह्यलो?"

"नाही जी." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "मले समजून नाही राह्यलं, साहेब. खरंच नाही."

रात्रीच्या जेवणाला यांनी मला सांगितलं, 'समजत नाही' म्हणणारा माणूस दोनच जातीचा असतो. एकाला खरंच समजत नाही आणि दुसऱ्याला सगळं समजतं. हा दुसरा आहे. मी विचारलं, कशावरून? म्हणाले, "तांड्यावरचा हाय." मी पोळी वाढली. पोलीस लाइनमध्ये इतकी वर्षं राहिले, मला माहीत आहे की कुठं चोरी झाली की यांची जीप आधी तांड्यावर जायची. बरेचदा रिकामीच परत यायची. ते लेखात येत नाही.

यांनी ठाण्यात तक्रार अर्ज दिला. त्यात 'बनावट माल' असे शब्द होते, ते मला वाचून दाखवले. ठाणेदार साहेब एकेकाळी यांच्या जीपमध्ये बसून काम शिकलेले, त्यामुळे यांना खुर्ची मिळाली आणि मिस्त्रीला बाकडं. मी बाहेर गाडीत बसले होते, पण दार उघडं होतं, सगळं दिसत होतं. तो सकाळी आला आणि दुपारपर्यंत त्या बाकड्यावर बसून राहिला. ठाण्यासमोरून बाजाराचा रस्ता जातो. येणारा-जाणारा आत पाहायचा आणि पुढं जायचा. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हाही तसंच. मी त्याच्या दुकानात ज्या टॅक्सीवाल्याची गाडी अर्धी उघडलेली पाहिली होती, तो टॅक्सीवालाही त्या दिवशी रस्त्यावरून गेला. पाहून गेला.

ठाणेदार साहेब गोंधळून गेले होते. ते यांना पुन्हा पुन्हा विचारत होते, "काका, पण गुन्हा नेमका कोणता घेऊ? त्यानं चालवली की चालते, तुम्ही चालवली की नाही. हे कोणत्या कलमात बसवू?" शेवटी म्हणाले, पैसे परत देऊन विषय मिटवा.

पैसे याडी घेऊन आली. धडप्यात, म्हणजे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, बांधून आणले होते. ठाणे अंमलदारासमोर तिनं गाठ सोडली, यांनी मोजून घेतले. मिस्त्री म्हणाला, साहेब, माझी डब्बी काढून घेतो. हे म्हणाले, "राहू दे. तो मुद्देमाल हाय." कशाचा मुद्देमाल, हे ठाणेदारालाही विचारावंसं वाटलं नाही.

परत जाताना याडी आमच्या गाडीच्या खिडकीशी थांबली. ती भांडायला आली नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही त रोज त्यायच्या बाजूले बसल्या. तुम्हाले काय दिसलं?"

मी रोज बाजूला बसले होते हे खरं. पण मी त्या हिरव्या दिव्याकडंच पाहत होते. दुसरं काही पाहिलंच नव्हतं. ती पदर सावरून गेली.

त्यानंतर भाजीवाल्यानं मला विचारलं, "तो पोलिसांनी उचललेला मिस्त्री, तुमच्याच गाडीचा ना?" उचललं नव्हतं, नुसतं बसवलं होतं. पण बाजारात त्या दोन्हीत फरक नसतो. टॅक्सीवाला आपली गाडी अर्ध्या वायरिंगची ओढून घेऊन गेला. दारव्हा रोडवरून जाताना मला दुकान कधी अर्धं उघडं दिसायचं, कधी बंद. पुढच्या दुकानातल्या बाईनं सांगितलं, महिनाअखेरीला खाली करून तांड्यावर परत चालले.

मी घरी येऊन यांना हे सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं, ते मला माहीत नव्हतं.

मग एक विचित्र गोष्ट झाली. गॅसची टाकी बदलताना यांच्या डाव्या पायावर टेकली. अंगठा सुजला, डॉक्टरनं मोठं बँडेज बांधलं. त्याच आठवड्यात मुलीकडं जायचं होतं. उजवा पाय बरा आहे, गाडीला तोच लागतो, असं म्हणून हे निघाले. डाव्या पायात चप्पल, आणि धक्का लागू नये म्हणून तो पाय सीटला चिकटवून आखडून घेतलेला. सवयीनं कांडी दाबली. हिरवा दिवा लागला तो लागलाच. नेर गेलं, दिवा तसाच. यांनी उजवा पाय खाली सरळ सोडला होता आणि घोटा दुखत नव्हता. हसत होते. मला म्हणाले, झोप काढ. मी कशाला झोपते. अमरावतीच्या वेशीपर्यंत मी त्या दिव्याकडं पाहत होते.

मुलीच्या दारात उतरताना मात्र यांचं हसू गेलं. "आज काहून चालली?" असं स्वतःशीच म्हणाले.

बँडेज सुटलं, बूट पुन्हा चढले आणि दिवा पुन्हा विझायला लागला. बूट हे खात्यातल्यासारखेच घालतात, जाड तळव्याचे, तपकिरी. चप्पल घालून गाडी चालवणं त्यांना उघड्यावर बसल्यासारखं वाटतं.

आता यांनी नवीन निष्कर्ष काढला. वस्तू एकदा चालते आणि एकदा चालत नाही, म्हणजे मधे कोणीतरी हात लावतं. गाडी आमच्या फाटकाबाहेर उभी असते. हात लावण्याचं कारण एकाच माणसाला आहे. ठाण्यात बसवल्याचा राग. हे मला सांगताना यांचा आवाज नोकरीतला झाला होता. मला खूप भीती वाटली. या वेळी अर्ज गेला तर नुसतं बाकडं नसणार, हे मला समजत होतं. मी म्हटलं, तो माणूस असं करणार नाही. म्हणाले, "कशावरून?" त्याच्या आईनं मला कपाऐवजी पेला दिला, हे सांगून चालणार नव्हतं.

यांनी सापळा लावला. लाच घेणाऱ्याला पकडताना नोटांना पावडर लावतात, हात धुतले की रंग येतो, हे त्यांनी एका लेखात लिहिलेलं आहे. घरात तशी पावडर नव्हती. माझी कपड्यांची नीळ होती, कोरडी. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी यांनी ती नीळ ब्रशनं त्या डब्बीवर, वायरींवर आणि ब्रेकच्या पायदानीवर पातळ पसरली. जो हात लावेल त्याची बोटं निळी. मला म्हणाले, कोणाला बोलू नको. मी कोणाला बोलते?

सकाळी पाहिलं तर नीळ जशीच्या तशी होती. डब्बीला कोणी शिवलं नव्हतं. हे थोडे नाराज झाले. "आज नाही आला," म्हणाले. आम्हाला नेरला एका लग्नाला जायचं होतं, उशीर झाला होता. नीळ पुसायची राहिली. बूट घातले आणि निघालो.

दिवा विझला. जातानाही विझला आणि येतानाही.

घरी आलो. मी मागच्या दारानं आत गेले. हे फाटक लावून पुढच्या ओट्यावर आले. सकाळीच मी ओटा पुसून ठेवला होता, पांढऱ्या फरशीचा. मी बाहेर आले तर ओट्यावर निळी पावलं उमटलेली. मी फडकं आणलं आणि खाली बसले. हे ओरडले नाहीत, पण इतक्या जोरानं "थांब" म्हणाले की फडकं हातातून पडलं.

उजव्या बुटाचा ठसा निळा होता. तो असणारच, ब्रेक त्याच पायानं दाबतात. पण डाव्या बुटाचाही निळा होता. पूर्ण नाही. पुढचा अर्धा भाग, आतल्या कडेनं.

मी म्हटलं, "अहो, हा दुसरा कोणाचा?"

हे गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्या ठशाकडं पाहत राहिले. घटनास्थळावरचे ठसे त्यांनी नोकरीत खूप पाहिले असतील. मग भिंतीला धरून डावा बूट वर केला, तळवा पाहिला. खाली ठेवला. पुन्हा वर केला.

"चाल गाडीजवळ," म्हणाले. "मागं उभी राहा. लाल लाइट लागला का सांग."

मी मागं जाऊन उभी राहिले. हे आत बसले, नेहमी बसतात तसे.

"लागला," मी म्हटलं.

"कसा लागला? म्या ब्रेक दाबलाच नाही."

"लागला आहे."

"नीट पाह्य अवं."

"अहो, लागलेलाच आहे."

मी पुढं येऊन खिडकीतून पाहिलं. हे खाली वाकून आपल्या पायांकडं पाहत होते. उजवा पाय रेसच्या पुढं मोकळा होता. डावा पाय वर उचललेला होता आणि ब्रेकच्या रुंद पायदानीची डावी कड त्याच्याखाली आली होती. दाबलेली नव्हती. नुसता पाय टेकला होता, जसा कोणाच्या खांद्यावर हात टेकतो. जीपला तिथंच क्लच असतो. जन्मभर तो पाय तिथंच राहिला होता, केव्हा निघावं लागेल सांगता येत नाही म्हणून. गाडी बदलली, क्लच गेला, हे निवृत्त झाले. पायाला कोणी सांगितलं नाही.

हे तसेच बसून राहिले. मी फाटकाला टेकून उभी होते. मग यांनी पाय खाली घेतला. मी मागं वाकून पाहिलं, लाइट विझला होता. थोड्या वेळानं पुन्हा लागला. यांना कळलंही नव्हतं.

मला वाटलं, आता हे त्याच दिवशी दारव्हा रोडवर जातील. गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. मला ते बूट धुवायचे होते, पण मी धुतले नाहीत. दाराजवळ तसेच ठेवले, तळवा वर करून. हे त्यांच्यावरून ये-जा करायचे.

महिना संपत आला होता. मी रोज मनात वाक्य तयार करायची आणि जेवायला वाढताना ते निघून जायचं. शेवटी एका सकाळी चहा देताना म्हटलं. थोडा चहा बशीत सांडला.

"त्या बाईनं मला विचारलं होतं, तुम्हाला काय दिसलं. तेव्हा काही दिसलं नव्हतं. आता दिसलं. मी सांगू की तुम्ही सांगता?"

यांनी बशीतला चहा कपात ओतून घेतला, पिऊन टाकला आणि कपाटातून पैसे काढले. ते पैसे यांनी खर्च केलेच नव्हते. ठाण्यात मोजले तसेच होते.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत मिस्त्री वायरींची बंडलं पोत्यात भरत होता. यांना पाहून तो उभा राहिला आणि सवयीनं हात मागं बांधले. ते यांनाही दिसलं असावं, कारण यांनी घसा दोनदा साफ केला.

"माल चांगला हाय तुझा," हे म्हणाले. "चूक माह्या पायाची होती."

त्याला समजलं नाही. मग यांनी बूट काढून तळवा दाखवला आणि सगळं सांगितलं, नीळ, ओटा, लाइट. जबाब देतात तसं, क्रमानं. मिस्त्री दार उघडून गाडीत वाकला, पायदानीच्या कडेची नीळ बोटानं पुसली, बोट पाहिलं. मग तो हसला. इतक्या दिवसांत मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"साहेब, तुम्ही रिटायर झाले, पन डावा पाय अजून ड्युटीवर हाय जी."

मला वाटलं, आता हे चिडतात. हे म्हणाले, "त्याची पेन्शन मंजूर नाही झाली अजून."

यांनी पैसे पुढं केले. मिस्त्रीनं हात पुढं केला नाही. मागच्या दारात याडी येऊन उभी होती, तीच बोलली.

"इथं कायले देता, साहेब? पैसे इथं थोडी घेतलते तुम्ही."

यांनी हात तसाच धरून ठेवला. मग पैसे खिशात घातले. "चला," म्हणाले.

मिस्त्री म्हणाला, आधी गाडी नीट करतो. भंगारातून लोखंडी पत्रा काढला, वाकवून त्याला रबर लावलं आणि डाव्या कोपऱ्यात, ब्रेकपासून लांब, स्क्रूनं बसवला. पायाला टेकायला तिरपी जागा झाली. यांनी डावा पाय त्यावर ठेवला. यांनी सांगण्याआधीच मी मागं जाऊन उभी राहिले. लाइट विझलेला होता आणि विझलेलाच राहिला.

आम्ही चौघं निघालो. या वेळी हे चालवत होते. मिस्त्री बाजूला, मी आणि याडी मागं. आधी बायपासवर गेलो. हिरवा दिवा लागला. एका ठिकाणी यांचा डावा पाय पत्र्यावरून उचलला गेला, मिस्त्री नुसता "साहेब" म्हणाला आणि पाय जागेवर गेला. दिवा विझला नाही. तिथून सरळ ठाणं.

ठाण्यात गर्दी होती. बाकड्यावर कोणाच्या तरी मारामारीची माणसं बसलेली. हे ठाणेदाराच्या खोलीत गेले नाहीत, बाहेर अंमलदाराच्या टेबलाशीच उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. ठाणेदार साहेब आवाज ऐकून बाहेर आले. पुन्हा गोंधळले. "काका, स्टेशन डायरीत काय लिहू? अर्जदाराचा पाय?" बाकड्यावरचं कोणीतरी हसलं. हे म्हणाले, "जसं झालं तसं लिही." मग स्वतःच्या हातानं लिहून दिलं की अर्ज चुकीचा होता, माल खरा होता, मिस्त्रीचा काही दोष नव्हता. खाली सही केली आणि सहीखाली हुद्दा लिहिला, निवृत्त हा शब्द धरून.

यांच्या लेखात शेवटी येतं की या केसनं मला काय शिकवलं. मला नीट सांगता येणार नाही. एका लेखात त्यांनी लिहिलं आहे की गुन्हेगार घटनास्थळी परत येतो. इथं तो घटनास्थळ सोडून गेलाच नव्हता, आणि मी त्याच्या शेजारी बसून दिव्याकडं पाहत होते. ट्रकवाल्याची खबर अगदी खरी होती. ती कोणाबद्दल होती, हे मात्र आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. एवढं समजतं. पाय काढल्यावर गाडी कोण चालवतं, ते अजून समजत नाही.

मिस्त्रीला यांनी बाकड्यावर बसू दिलं नाही, खुर्ची ओढून दिली. तो बसला नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. टॅक्सीवाला दिसतो का म्हणून मी रस्त्याकडं पाहत होते. तो नव्हता. पण भाजीवाला होता, फाटकाशी गाडा थांबवून आत पाहत होता. मी त्याला पाहू दिलं.

यांनी पैसे काढून याडीसमोर टेबलावर ठेवले. त्या दिवशीचे सगळे, आणि वर नवीन स्विचचे आणि पत्र्याचे. मिस्त्री म्हणाला, पत्र्याचे राहू द्या जी, भंगारातला हाय. याडीनं त्याच्याकडं पाहिलं आणि तो गप्प झाला. तिनं कमरेचा धडपा सोडून टेबलावर पसरला, तोच धडपा. बोटाला थुंकी लावून एकेक नोट मोजली, जशी यांनी मोजली होती, तेवढाच वेळ घेऊन. मोजून झाल्यावर तिनं गाठ मारली आणि म्हणाली, "बराबर हाय."